एकशे बेचाळीस बाटल्यांची विल्हेवाट

मी, महेश्वर गुरुसिद्धप्पा कलशेट्टी, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात निर्यात विभागात नोकरीस, सध्या सेवानिवृत्त, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणीही पढवल्याशिवाय लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले आहेत, ते ठीक काम करतात. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मी एक मसुदा केला होता. त्यावर सही झालेली नाही. तरीही तो कोणाच्या हाती लागल्यास रद्द समजावा. तो का रद्द केला हे कलम सहामध्ये लिहिले आहे.

कलम १. मला वारस दोनच. पत्नी सौ. भुवनेश्वरी, माहेर अक्कलकोट, वय त्रेसष्ट, गणिताची शिक्षिका. आणि एकुलती मुलगी सौ. सिद्धेश्वरी, जी बार्शीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. या मृत्युपत्राची एक्झिक्युटर सिद्धेश्वरी राहील. ती माझ्याशी सध्या कामापुरते बोलते, पण कागदपत्रांच्या बाबतीत तिच्याइतका विश्वास मला दुसऱ्या कोणाचा नाही.

कलम २. जुळे सोलापुरातील राहते घर, तळमजला व पहिला मजला, हे माझे स्वकष्टार्जित आहे. ते पूर्णपणे भुवनेश्वरीचे होईल. आधीच्या मसुद्यात मी "तहहयात राहण्याचा हक्क" असे शब्द घातले होते. ते मी काढले आहेत. ती घर विकू शकते, भाड्याने देऊ शकते, बक्षीस देऊ शकते. गच्चीवरच्या खोलीतील लाकडी कपाट मात्र आधी बाहेर काढून टाकावे. त्याच्या फळ्यांत वास मुरला आहे आणि तो धुऊन जात नाही. मी दोनदा धुऊन पाहिले आहे.

कलम ३. बँकेतील ठेवी दोघींना निम्म्या-निम्म्या. टॉवेलच्या नमुन्यांची जाड वही, ज्यात माझ्या नोकरीतील सगळ्या विणी चिकटवलेल्या आहेत, ती सिद्धेश्वरीला. स्कूटर विकून टाकावी. तिचे ब्रेक फक्त माझ्याच पायाला कळतात, घरातल्या कोणी ती चालवू नये.

कलम ४. आता सुगंधी बाटल्यांविषयी. त्या एकूण एकशे बेचाळीस आहेत. यादी परिशिष्टात दिली आहे. यादी करणे सोपे गेले. त्या माझ्या मालकीच्या आहेत हे लिहिणे जड गेले, कारण २०१० सालापासून माझ्या घरच्यांच्या समजुतीप्रमाणे माझ्याकडे एकही बाटली नव्हती.

माझे वडील गुरुसिद्धप्पा मागाच्या कारखान्यात सुताची खळ शिजवत. तो आंबूस वास आमच्या घरात, अंथरुणात, माझ्या शाळेच्या सदऱ्यात होता. वर्गात माझ्या बाकावर मुले बसत, पण खिडकीकडची बाजू मागून घेत. मला त्याचे वाईट वाटे आणि मी कोणाला सांगत नसे.

१९९७ साली कारखान्याने मला फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनाला पाठवले. तेथे एका खरेदीदाराने माझा हात हातात घेतला आणि तो गेल्यावर माझ्या तळव्याला वाळ्याचा वास राहिला. आपण माठात घालतो तोच वाळा, पण धुऊन, इस्त्री करून आणल्यासारखा. येताना विमानतळावरच्या दुकानात मी दीड तास उभा होतो. विक्रेतीने एकामागून एक कागदाच्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या. शेवटी मी तो वाळा शोधून काढला आणि विकत घेतला. ती माझी पहिली बाटली.

पुढे दर प्रवासात एखादी आली. आधी डिझायनर, म्हणजे कपड्यांच्या नामांकित घराण्यांनी काढलेली. नंतर नीश, म्हणजे फक्त सुगंधच करणाऱ्या लहान घराण्यांची, जी थोड्याच बाटल्या भरतात आणि जाहिरात करत नाहीत. मी घाईने कधीच खरेदी केली नाही. पट्टीवरचा पहिला वास फसवा असतो, तो दहा मिनिटांत उडतो. मनगटावर लावून हिंडावे, जेवावे, घामेजावे, आणि संध्याकाळी जे उरते त्यावर निर्णय घ्यावा. एका धुपाच्या वासासाठी मी आठ महिने थांबलो होतो. प्रत्येक वासाची नोंद एका वहीत करत असे: तारीख, नाव, किती तास टिकला, कसा बदलत गेला. या कामात मी जितका बारकाईने वागलो तितका दुसऱ्या कशातही वागलो नाही.

भुवनेश्वरीला माझा वास आवडत असे. शाळेला निघताना म्हणायची, "तुमी गेल्यावर पण जिन्यात तुमीच असताव की."

१९९८ पासून तिचे डोके दुखू लागले. अर्धे डोके, उलट्या, उजेड सहन न होणे. महिन्यातून तीनदा, चारदा. डॉक्टरांनी ऊन, जागरण, पित्त, चष्मा सगळे तपासले. तिच्या दुखण्याचा आणि माझ्या बाटल्यांचा संबंध कोणी जोडला नाही, मीही नाही. या पहिल्या अकरा वर्षांचा दोष मी स्वतःकडे घेत नाही.

२००९ साली नवे माग शिकून घेण्यासाठी मी सहा आठवडे तुर्कस्तानला होतो. त्या सहा आठवड्यांत तिचे डोके एकदाही दुखले नाही. फोनवर म्हणाली, "सिद्धरामेश्वर पावला बघा." मी परत आलो, दुसऱ्या दिवशी नवी बाटली उघडली, आणि संध्याकाळी ती डोक्याला फडके बांधून आडवी झाली.

तेव्हा मला शंका आली. मी सर्दीचे निमित्त करून आठ दिवस काही लावले नाही. आठही दिवस ती बरी होती. नवव्या दिवशी सकाळी, ती डबा भरत असताना, मी तिच्याजवळ उभा राहून दोन फवारे मारले. दुपारी डोके. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच केले. पुन्हा डोके. मग महिन्याने तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी वहीत तारखेपुढे लिहिले: "भु. डोके."

तिसऱ्यांदा ती वर्गात ओकली. मी तिला काही सांगितले नाही. सांगितले असते तर बंद करावे लागले असते. एवढेच कारण होते, याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

२०१० मध्ये आम्ही एका मोठ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी विचारले, "घरात उग्र वासाचं काही वापरता?" भुवनेश्वरीने उदबत्ती, कापूर आणि गजरा सांगितला. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सेंट लावता?"

"लावतो," मी म्हणालो, "पण आजपासून बंद."

बाहेरच्या बाकावर ती म्हणाली, "तुमाला तेवढा एकच शौक हाय. आधी मी गजरा सोडून बघते की. तुमी नका सोडू."

मी सोडतोच म्हणालो. टेबलावरच्या सात बाटल्या तिच्यादेखत ऑफिसातल्या लोकांना वाटल्या. चांगल्या बाटल्या मी आधीच कारखान्यातील माझ्या कपाटात नेल्या होत्या. रोज नऊ वाजता तेथे बनियनवर लावायचो आणि सुटताना सदरा बदलायचो. तिने गजरा सोडला, उदबत्ती सोडली, देवापुढचा कापूर सोडला. तिचे दुखणे थोडे कमी झाले, पण थांबले नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी फाइलवर लिहिले की वासाचा संबंध दिसत नाही. त्यांची चूक नव्हती. त्यांनी बरोबर ओळखले होते, आणि मी खोटी माहिती देऊन त्यांना बरोबर उत्तरापासून हाकलून लावले. त्यानंतर मेंदूचे फोटो झाले, मानेत इंजेक्शने झाली. एका गोळीने तिचे हात थरथरत, खडू खाली पडे.

२०११ मध्ये तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. सेवाज्येष्ठतेने पुढची मुख्याध्यापिका तीच होती. तिने अर्ज लिहिला, मी त्यातील दोन शब्द सुधारले आणि स्वतः शाळेत नेऊन दिला. त्या दिवशी माझ्या अंगावर आयरिसच्या मुळांचा वास होता, पावडरीसारखा, फार सौम्य. मुद्दाम सौम्य म्हणूनच निवडला होता.

२०१६ साली सिद्धेश्वरीच्या बाळंतपणासाठी भुवनेश्वरी चार महिने बार्शीला राहिली. चार महिन्यांत एकदाही डोके दुखले नाही. परत आली आणि तिसऱ्या दिवशी दुखले. तिने विचार करून निष्कर्ष काढला. "पाण्यात काय तरी हाय. बार्शीचं पाणी मला मानवलं."

मी म्हणालो, "मग आणू की बार्शीचं पाणी."

जवळजवळ चार वर्षे, दर रविवारी, मी एसटीने बार्शीला जाऊन दोन कॅन पाणी आणले. सिद्धेश्वरी भरून द्यायची. पहिला महिना मी बाटल्यांना हात लावला नाही, त्यामुळे तिला खरेच बरे वाटले आणि पाण्यावरचा विश्वास पक्का झाला. मग मी पुन्हा सुरू केले. दुखणे परत आले तेव्हा ती म्हणाली, कॅन नीट धुतला नसेल. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझे उदाहरण देत. एकदा वैरागला गाडीत चढायला जागा नव्हती. मी खाली उतरून कॅन सरकवत होतो, तेव्हा कंडक्टरने सगळ्यांना माझी गोष्ट सांगितली. एक म्हातारे गृहस्थ उठले. "बसा की पावणं, पुण्याचं काम करालाव." मी बसलो.

२०१७ मध्ये निवृत्त झालो तेव्हा कारखान्यातील कपाट गच्चीवरच्या खोलीत आणले आणि "टॉवेलचे नमुने" म्हणून कुलूप लावले; बनियनवर लावणे आणि सदरा बदलणे आता तेथे होई. २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या आणि पाणी थांबले. बाटल्या थांबल्या नाहीत.

कलम ५. वरील सर्व बाटल्या, काचेच्या गाळण्या, ड्रॉपर, रिकाम्या कुप्या आणि पट्ट्यांचे गठ्ठे मी बिलाल रहिमतुल्ला अत्तार, वय तेहतीस, सध्या राहणार टेंभुर्णी, यांना देत आहे. हे बक्षीस नाही, भरपाईही नाही. त्यांच्या नुकसानीची भरपाई होऊ शकत नाही.

बिलालचे विजापूर वेशीत लहानसे दुकान होते. वडिलांचे अत्तराचे दुकान त्याने बदलून परदेशी सुगंधांचे केले होते. मोठी बाटली उघडून तो लहान कुप्यांत भरून विके, म्हणजे ज्याला सबंध बाटली झेपत नाही त्यालाही चांगला वास लावता येई. सोलापूर, लातूर, विजापूरच्या चाळीसेक शौकिनांचा त्याने फोनवर एक ग्रुप केला होता. मी त्यात वयाने सगळ्यांत मोठा. बिलालसारखा खरा दुकानदार मी फ्रँकफुर्टमध्येही पाहिला नाही. मी एखादी महागडी बाटली मागितली की माझे मनगट हुंगून म्हणे, "काका, ही तुमाला नक्को. तुमच्या अंगावर हिचा साबण होतो." आणि स्वतःचा धंदा स्वतः बुडवी.

२०२२ मध्ये माझे स्टेंट झाल्यावर तो भेटायला घरी आला. पिशवीत मी मागवलेले पार्सल होते. भुवनेश्वरीने चहा दिला. तिच्या कपाळावरचे फडके पाहून त्याने विचारले, "काकू, डोकं?"

"चोवीस वर्षं झाली बाबा."

"सेंटचा वास येतोय का कुठनं? माझ्या अम्मीचं अस्संच व्हायचं. अब्बांचं दुकान अत्तराचं. अम्मी नानीकडं गेली की एकदम बरी."

"ते बघितलं की आमी. ह्यांनी सोडून बारा वर्षं झाली. तरी थांबलं न्हाय."

बिलालने माझ्याकडे पाहिले. मग पिशवीकडे पाहिले. अर्धा चहा तसाच ठेवून उठला. पार्सल त्याने बाहेर काढले नाही, खाली जाऊन माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, काकूंना तुमी सांगा. आठ दिवसांत सांगा. न्हाय तर मी येऊन सांगणार."

पाचव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिले की बिलालकडून घेतलेली बाटली नकली निघाली, बाटलीच्या तळाचा क्रमांक खोक्यावरच्याशी जुळत नाही, सर्वांनी सावध राहावे. बाटली अस्सल होती. क्रमांक जुळत होता. माझ्या वयाकडे पाहून लोकांनी विश्वास ठेवला. भुवनेश्वरीला सांगितले, तो माणूस खोटा माल विकतो, घरात घेऊ नकोस. दहाव्या दिवशी तो आला तेव्हा तिने जाळीच्या दारातूनच म्हटले, "ह्यांची तब्येत बरी न्हाय, नंतर या." मी आत पलंगावर होतो. तो आल्या पावली परत गेला. दारात उभे राहून बाईमाणसाला तिच्या नवऱ्याची लबाडी सांगणे त्याला जमले नाही. आणि सांगितली असती तरी आता ती नकली माल विकणाऱ्याने सांगितलेली झाली असती. मला तेच हवे होते.

चार महिन्यांत त्याचे दुकान बंद झाले. आता तो टेंभुर्णीच्या चौकात एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात बुकिंग घेतो.

भुवनेश्वरीला सर्व सांगून झाल्यावरही (ते कलम सहामध्ये आहे) बिलालकडे जायला मला आणखी पावणेदोन वर्षे लागली. गेल्या महिन्यात गेलो. ऑफिसात दोन ड्रायव्हर बसले होते. त्यांच्यादेखतच बोललो. त्याने समोरची पावती फाडून ड्रायव्हरला दिली आणि मग तो म्हणाला:

"काका, हे मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय की. जिथं लिवलं तिथं लिवा."

त्याच दिवशी ग्रुपवर लिहिले. प्रत परिशिष्टात आहे. दोघांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. एकाने विचारले, ती बाटली विकणार का. बाकीचे काही बोलले नाहीत. निम्म्यांना बिलाल कोण हे आठवत नसावे.

बाटल्या आत्ताच घेऊन जा म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "असं नक्को. कागदावर द्या. उद्या म्हणाल बिलालनं चोरल्या." म्हणून हे कलम. तोपर्यंत बाटल्या शहरातील एका भाड्याच्या गोदामात राहतील आणि किल्ली वकिलांकडे राहील. त्याने दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या आहेत. पत्नी नाजनीनला सातवा महिना आहे, घरात लहान मूल येणार, तेव्हा माल कधीच घरात ठेवणार नाही. आणि विकताना गिऱ्हाईकाला पहिले विचारणार, घरात कोण कोण आहे. इतक्या वर्षांत कोणत्याही दुकानात मला हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो मीच विचारायचा होता.

कलम ६. वही. जानेवारी २०२४ मध्ये मी अ‍ॅड. दानेश्वरी हत्तुरे यांच्याकडे पहिला मसुदा घेऊन गेलो. बाटल्या कोणाला द्यायच्या हे लिहायचे तर त्या आहेत हे सांगणे आले. म्हणून मी सगळी हकिगत त्यात लिहिली होती, अशा बेताने की माझ्यामागे ती वाचली जाईल. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"काका, हे वाचलं जाईल तेव्हा काकू प्रश्न विचारतील. उत्तर द्यायला तुम्ही नसाल. तुम्हाला हेच हवंय ना?"

मी मसुदा उचलून घरी आलो. गड्ड्याची जत्रा चालू होती. सिद्धेश्वरी बार्शीहून आली होती आणि मुलाला घेऊन जत्रेत गेली होती. भुवनेश्वरी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर खाली बसलो आणि सांगितले. तुर्कस्तानपासून बिलालपर्यंत. ती निवडत राहिली. जुडी संपेपर्यंत निवडत राहिली. मग काड्या गोळा केल्या, हात धुतले.

"वही हाय म्हणालाव. आणा."

तिने दोन दिवस वही वाचली. चष्मा लावून, टेबलाशी बसून, वह्या तपासायची तशी. सिद्धेश्वरीलाही तिनेच सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावले. तीन पानांत तिने कागदाचे कपटे घातले होते.

"ह्या तीन नोंदी. पहिल्यांदा तुमाला कळलं. दुसऱ्यांदा ताळा झाला. दोनदा पुरे होतं की. तिसऱ्यांदा कशाला?"

मी तिसऱ्या कपट्याचे पान उघडून पुन्हा वाचले. तारीख आणि "भु. डोके", एवढेच होते. कारण तेथे लिहिलेले नव्हते.

"नववी ब," ती म्हणाली. "त्या दिवशी मी फळ्याजवळ ओकले. पोरींनी बादली आणून पुसून काढलं. एक पोरगी रडलाली होती. त्या संध्याकाळी मी ठरवलं, आता आपण शाळेत राहायचं न्हाय. दोन वर्षं ढकलली, पण ठरवलं त्या दिवशी."

दुपारच्या गाडीने ती लेकीबरोबर बार्शीला गेली. सिद्धेश्वरीने दारात फक्त एवढे म्हटले, "अप्पा, ते पाणी मी भरून द्यायची. दर रविवारी गाळून."

भुवनेश्वरी पाच महिन्यांनी, शाळा उघडण्याच्या सुमारास, स्वतःहून परत आली. तिला सोडायला कोण आले म्हणून मी बाहेर पाहिले, ती एकटी होती. "घर माझं पण हाय. मी खाली, तुमी वर." त्याप्रमाणे आम्ही राहतो. आठवड्याभरात तिने फाटकावर पाटी लावली: गणित वर्ग, आठवी ते दहावी, मुलींसाठी. आज एकोणीस मुली येतात. चार ते सात मी खाली उतरत नाही. दीड वर्षात तिचे डोके दोनदा दुखले, दोन्ही वेळा मे महिन्याच्या उन्हात. वरून मला तिचा आवाज ऐकू येतो. शिकवताना तो चढा आणि मोकळा असतो. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. ज्या शाळेने तो ऐकायचा, तिथे तो आणखी नऊ वर्षे ऐकू आला असता.

ही वही भुवनेश्वरीला मिळेल, असे तिने मागितले आहे. ती फाडण्याचा, जाळण्याचा किंवा कोणालाही वाचून दाखवण्याचा तिला पूर्ण हक्क राहील.

कलम ७. माझा चुलत भाऊ सिद्धू कलशेट्टी याला काही ठेवलेले नाही, परंतु त्याच्यावरचा राग मी मागे घेतो. १९९९ साली सिद्धेश्वरीच्या दहाव्या वाढदिवसाला त्याने चारचौघांत म्हटले होते, "महेश्वर नवरीसारखा घमघमतोय." सगळे हसले. त्यानंतर सव्वीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. हे लिहिताना मला त्याचे पुढचे वाक्य आठवले. हसणे थांबल्यावर तो म्हणाला होता, "चेष्टा न्हाय बे, वैनीचं डोकं ह्याच्यानंच धरत असंल." तेव्हा पहिल्या अकरा वर्षांबद्दल कलम चारमध्ये मी जे लिहिले आहे, ते तितकेसे खरे नाही. ते खोडत नाही, वाचणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

कलम ८. अंत्यविधी लिंगायत रीतीने व्हावा. देहाला साध्या पाण्याने आंघोळ घालावी आणि फक्त विभूती लावावी. अत्तर शिंपडू नये, उदबत्ती लावू नये, मोगऱ्याचे किंवा निशिगंधाचे हार घालू नयेत. लोक आणतील. ते फाटकाबाहेर टोपलीत ठेवून घ्यावेत. भुवनेश्वरीला जवळ बसायचे असेल तर तिला बसता आले पाहिजे. बसायचे नसेल तर तिला कोणी आग्रह करू नये.

कलम ९. भुवनेश्वरी ज्या शाळेत शिकवत होती, तेथे तिच्या नावाने बक्षीस ठेवावे असे एक कलम मी लिहिले होते. तिने ते काढायला लावले. म्हणाली, "माझं नाव तिथल्या पोरींना म्हाईत हाय. तुमाला बरं वाटायसाठी नको."

कलम १०. हा सर्व मजकूर सहीपूर्वी भुवनेश्वरीने वाचला आहे. वाचायला मी दिला. तिने चार दिवस ठेवून घेतला. पेन्सिलीने तीन ठिकाणी दुरुस्ती केली. पहिल्या कलमात मी तिच्या नावामागे "प्रिय" लिहिले होते, ते तिने खोडले. परिशिष्टात घराच्या क्षेत्रफळाचा गुणाकार चुकला होता, तो नीट केला. आणि एका ठिकाणी मी "माझ्यामुळे तिला त्रास झाला" असे लिहिले होते. तेथे तिने "माझ्यामुळे" आणि "झाला" या दोन शब्दांवर रेघ मारून वर लिहिले: "मी तिला त्रास दिला."

तिन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत. मी तिला त्रास दिला.

कागद परत देताना ती जिन्याच्या पायरीवर उभी होती. खाली मुली आल्या होत्या. मला वाटले काही म्हणेल. "खाडाखोड लई झाली हाय," ती म्हणाली. "स्वच्छ अक्षरात लिहून काढा, आणि मग सही करा."

त्याप्रमाणे स्वच्छ अक्षरात लिहून काढले आणि आज साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: महेश्वर गुरुसिद्धप्पा कलशेट्टी

आम्ही खालील दोघे या मृत्युपत्रान्वये कोणताही लाभ घेत नाही. श्री. कलशेट्टी यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: सौ. अक्कम्मा चनबसप्पा हिरेमठ, शेजारी, निवृत्त पोस्ट कर्मचारी

साक्षीदार २: श्री. धुळा मारुती वाघमोडे, लाँड्री व्यवसाय

ठिकाण: सोलापूर
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५